पावागड, पायथ्यापासून: बडोद्याहून एका दिवसाच्या चढाईची सविस्तर आखणी

बडोद्याची जमीन सपाट असल्यामुळे येथे वाढलेल्या माणसाला चढाची सवय नसते, आणि म्हणूनच दांडिया बाजार, रावपुरा किंवा नव्या वसाहतींमधील मराठी घरांतून मुलांना गिर्यारोहणाची गोडी लावायची झाली की रात्रीची गाडी पकडून सह्याद्री गाठण्याचा बेत ठरतो. तो बेत चांगलाच आहे; परंतु शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर एकामागून एक दरवाजे असलेला, खडकात कोरलेल्या वाटेचा आणि पायथ्याला एक संपूर्ण जुनी राजधानी बाळगणारा गड उभा असताना आपण त्याच्याकडे केवळ देवदर्शनाचे ठिकाण म्हणून पाहतो, हे काही बरोबर नाही. बहुतेक लोक गडाच्या मधल्या पठारावरील माचीपर्यंत बसने जातात, तेथून उडनखटोला (रोपवे) धरतात, उरलेल्या अडीचशेच्या आसपास पायऱ्या चढून कालिकामातेचे दर्शन घेतात आणि दुपारच्या जेवणाला घरी परततात. या क्रमात गड म्हणून पाहण्यासारखे जे आहे ते बहुतेक सगळे गाडीच्या खिडकीतून निसटून जाते. पुढील आखणी तळेटीपासून, म्हणजे पायथ्यापासून, माथ्यापर्यंत आणि माथ्यापासून पुन्हा तळेटीपर्यंत पायी जाणाऱ्यांसाठी आहे.

गडाची रचना आधी समजून घ्यावी

पावागड हा पंचमहाल जिल्ह्यातील हालोल तालुक्यात, सपाट प्रदेशातून एकाएकी वर आलेला एकटा डोंगर आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ८०० मीटर आहे, आणि तळेटी बरीच खाली असल्यामुळे प्रत्यक्ष चढ साडेसहाशे मीटरच्या घरात जातो. दख्खनच्या ज्वालामुखीतून झालेल्या थरांचाच हा भाग असला, तरी माथ्याकडे नेहमीच्या काळ्या बसाल्टऐवजी रायोलाइट हा फिकट, सिलिकायुक्त खडक आढळतो. खडकांचे थर कमीअधिक कठीण असल्यामुळे डोंगर टप्प्याटप्प्याने चढतो: आधी कडा, मग पठार, पुन्हा कडा. पायी चालणाऱ्याला याचा उपयोग असा की दमछाक सलग होत नाही. प्रत्येक उभ्या चढानंतर श्वास जुळवायला सपाटी मिळते. मधल्या मोठ्या पठारावर माची आहे, त्याच्या वर भद्रकालीचे पठार आहे आणि सर्वांत वर मौलिया पठार व कालिकामातेचा सुळका आहे.

याच रचनेमुळे गड लढाऊ ठरला. खीची चौहानांच्या ताब्यातील हा किल्ला गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याला दीर्घ वेढ्यानंतर १४८४ मध्ये मिळाला, आणि मग त्याने पायथ्याच्या चांपानेरला आपली राजधानी केली. पुढे १५३५ मध्ये हुमायूनने कड्यात लोखंडी खुंट्या ठोकवून रात्रीच्या अंधारात आपली माणसे वर चढवली, अशी इतिहासकारांनी केलेली नोंद आहे. प्रस्तरारोहणाचे इतके जुने आणि इतके जवळचे उदाहरण आपल्या भागात दुसरे सांगता येणार नाही. मराठी वाचकांना आणखी एक दुवा जवळचा वाटेल. अठराव्या शतकात हा गड शिंद्यांकडे आला, १८०३ मध्ये कर्नल वुडिंग्टनने तो घेतला, पुढच्याच वर्षी तो शिंद्यांना परत मिळाला आणि १८६१ पर्यंत पंचमहाल ग्वाल्हेर दरबाराच्याच मालकीचा राहिला. म्हणजे गायकवाडांच्या राजधानीतून दिसणारा हा डोंगर गायकवाडांचा नव्हताच. २००४ मध्ये युनेस्कोने चांपानेर-पावागड पुरातत्त्व उद्यानाचा समावेश जागतिक वारशात केला.

दिवस निवडणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निर्विवादपणे उत्तम. पहाटे अंगावर स्वेटर लागतो आणि नऊनंतर तो कमरेला बांधावा लागतो, एवढीच काय ती गैरसोय. जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत डोंगर अत्यंत देखणा होतो, माथा बरेचदा ढगात असतो, परंतु शेकडो वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेले दगड शेवाळामुळे फार निसरडे होतात, आणि विजा चमकत असताना उघड्या पठारावर थांबणे धोक्याचे असते. पावसाळ्यातच जायचे असेल तर संततधार असलेला दिवस टाळावा आणि गडगडाट सुरू होताच, माथा कितीही जवळ दिसत असला तरी, खाली वळावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो. त्या दिवसांत नवशिक्यांनी हा बेत करू नये आणि सवय असलेल्यांनीही नऊच्या आत माथा गाठावा.

ऋतूपेक्षाही पंचांग अधिक महत्त्वाचे आहे. चैत्री व आश्विन नवरात्र, पौर्णिमा आणि सलग सुट्ट्या या काळात येथे अफाट गर्दी होते, पायऱ्यांवर थांबून थांबून सरकावे लागते आणि घाईत खाली येणाऱ्या लोकांचा धक्का लागून पडण्याचा धोका कड्यापेक्षा मोठा ठरतो. श्रद्धेने नवरात्रातच जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. पण चढाई म्हणून जायचे असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी, रजा टाकून जावे.

तीन आठवड्यांची पूर्वतयारी

सपाट शहरातील माणसाची मुख्य अडचण दम लागण्याची नसून मांड्या व गुडघ्यांची असते. कमाटीबागेत रोज तासभर फिरणाऱ्या माणसाचा दम चांगला असतो, तरीही उतरताना त्याचे पाय थरथरतात, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि सपाटीवर चालताना त्याला या कामाची सवय लागत नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना होणाऱ्या वेदनाही याच कारणामुळे होतात. म्हणून सराव जिन्यावरच करावा, आणि तो करताना उद्वाहनाने (लिफ्टने) खाली येऊ नये.

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड दहा मजल्यांचा चढ-उतार दोनदा करावा. इमारत पाचच मजल्यांची असेल तर फेऱ्या दुप्पट कराव्यात. दुसऱ्या आठवड्यात तोच चढ-उतार चारदा, आणि तिसऱ्या आठवड्यात पाठीवर चार-पाच किलोंची पिशवी घेऊन सहादा करावा. प्रत्यक्ष चढ सुमारे दोनशेहून अधिक मजल्यांइतका असल्यामुळे साठ मजले ऐकायला कमी वाटतात; पण गडावर वेळ हाताशी असतो आणि मध्ये पठारे आहेत, त्यामुळे एवढा सराव सामान्य प्रकृतीच्या माणसाला पुरतो. मधल्या दिवशी बैठका घालाव्यात. जुम्मादादा व्यायाममंदिराची आणि प्रो. माणिकरावांची परंपरा सांगणाऱ्या शहरात बैठका कशा घालाव्यात हे शिकवायला कुणीतरी वडीलधारे हमखास भेटतील, आणि महागड्या व्यायामशाळेतील यंत्रांपेक्षा या कामासाठी बैठकाच अधिक उपयोगी आहेत, असे माझे ठाम मत आहे. निघण्यापूर्वीचे दोन दिवस पूर्ण विश्रांतीचे ठेवावेत. हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायी जाऊ नये. अशा सोबत्यांना माचीवर बसने आणून तेथे भेटता येते.

पिशवीत काय असावे

बुटांचे तळवे खाचांचे आणि पायांना सरावलेले असावेत. नवा जोड या दिवशी प्रथम घालू नये आणि चपलांवर तर मुळीच निघू नये. पाणी प्रत्येकी किमान दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. माचीवर आणि तिच्यापुढे दुकाने आहेत, ताक आणि लिंबूपाणीही मिळते, परंतु तळेटी ते माची या टप्प्यात दुकानांवर विसंबून राहू नये. मीठ-साखरेच्या पुड्या, टोपी, क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, नेहमीची औषधे, शिटी आणि विजेरी एवढे सामान पुरेसे असते. विजेरी भरदिवसाच्या चढाईलाही घ्यावी, कारण डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीतली वाट त्याआधीच अंधारते.

खाण्याच्या बाबतीत बडोदेकरांना एक सूचना करणे भाग आहे. सकाळी निघताना शेव-उसळीच्या गाडीवर थांबण्याचा मोह आवरावा. तिखट तर्री आणि चढ यांचे जमत नाही. घरून पोहे खाऊन निघावे आणि सोबत थेपले, गुळाची चिक्की, केळी व थोडा लीलो चेवडो घ्यावा. खाद्यपदार्थ हातात किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत धरू नयेत, कारण वाटेवरील वानरांना अशा पिशव्या ओळखता येतात. वानराने पिशवी ओढलीच तर ती सोडून द्यावी, ओढाताण करू नये.

बडोद्याहून तळेटीपर्यंत

हिवाळ्यात सात वाजता तळेटीवर असायला हवे, म्हणून पावणेसहाच्या आत शहर सोडावे. स्वतःचे वाहन असल्यास जरोदमार्गे बडोदे-हालोल चौपदरी रस्त्याने सव्वा तास लागतो. एस.टी. ने जायचे असल्यास मध्यवर्ती स्थानकावरून थेट पावागडची गाडी मिळते. ती चुकली तर हालोलची किंवा हालोलवरून गोधऱ्याकडे जाणारी गाडी धरावी आणि हालोलहून उरलेले सुमारे सात किलोमीटर स्थानिक वाहनाने जावे. सायकलपटूंना हा रस्ता सरळ व सपाट असल्यामुळे आवडतो, मात्र एकाच दिवशी सायकलने जाणे, गड चढणे आणि सायकलनेच परतणे हे केवळ पूर्ण सराव असलेल्यांचे काम आहे. अवजड वाहनांची वर्दळ लक्षात घेता थकलेल्या अवस्थेत संध्याकाळी या रस्त्यावर सायकल चालवू नये.

तळेटी ते माची

तळेटीवर उतरल्यावर माचीच्या बसची रांग समोर दिसते आणि सगळे जग तिकडेच चाललेले असते. आपण चालत वर जाणारा रस्ता विचारावा. हा प्रश्न ऐकून दुकानदार आधी बसकडे बोट दाखवतील; पुन्हा एकदा "पगथियांनो रस्तो" (पायऱ्यांचा रस्ता) असे विचारले की वाट मिळते. येथेच गट मोजून घ्यावा, एकाने पुढे राहावे, एका अनुभवी माणसाने सर्वांच्या मागे राहावे आणि मागच्या माणसाच्या मागे कुणीही रेंगाळू नये, हा नियम सर्वांना सांगावा. घरी कुणाला तरी परतीची वेळ कळवून ठेवावी.

पहिला अर्धा तास मुद्दाम सावकाश चालावे. गप्पा मारता येतील इतकाच वेग ठेवावा. वाक्य तोडून बोलावे लागत असेल तर वेग जास्त आहे असे समजावे. पाऊल पूर्ण टेकवून, छोटी पावले टाकत चढावे आणि दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी पाच मिनिटे थांबावे. दर दहा मिनिटांनी बसकण मारणाऱ्यांचे अंग गार पडते आणि ते अधिक थकतात. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट घ्यावे. ताशी अर्धा लिटर हे साधारण प्रमाण ठीक आहे.

या वाटेचा खरा ठेवा म्हणजे दरवाजे. मोटाररस्ता लांब वळणे घेत जातो, तर जुनी वाट अटक दरवाजा, बुढिया दरवाजा, मोटी दरवाजा आणि सदनशाह दरवाजा अशी एकेक पायरी ओलांडत चढते. अटक दरवाजाशी पोचेपर्यंत अंग तापलेले असते. येथे स्वेटर काढावा. पुढे प्रत्येक दरवाजाशी थांबून मागे वळून पाहावे, म्हणजे वर चढणाऱ्या शत्रूला किती वेळ तटावरच्या माणसांच्या टप्प्यात राहावे लागत असेल याचा अंदाज येतो. सदनशाह दरवाजाची वाट काही भागात खडक कापून काढलेली आहे आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती आहेत. गडाची बांधणी समजून घ्यायची तर याच्याइतकी चांगली जागा संपूर्ण पावागडावर नाही. घाई असेल तर माथ्यावरची दहा मिनिटे कमी करावीत, येथली करू नयेत.

माचीच्या आसपास वाटेपासून थोड्या अंतरावर सात कमान, मेडी तलाव आणि विश्वामित्रीच्या घळीवर उभा असलेला खापरा झवेरीचा महाल हे अवशेष आहेत. जी विश्वामित्री आपल्या शहरातून, कमाटीबागेतून मगरी घेऊन वाहते, ती याच डोंगरात उगम पावते. महालाकडे जाताना कड्याच्या कडेला जाऊ नये, भिंतींवर चढून छायाचित्रे काढू नयेत. संरक्षित वास्तूवर चढणे बेकायदा तर आहेच, शिवाय चुना निघून गेलेला दगड भरवशाचा नसतो. कमानींखाली किंवा कड्यांवर आग्या मोहोळ दिसल्यास शांतपणे दूर व्हावे. धूर, आवाज आणि उग्र अत्तर या तिन्ही गोष्टींनी माश्या चवताळतात. सवयीच्या माणसाला तळेटी ते माची हा टप्पा दीड तासाचा आहे, मुले सोबत असल्यास दोन-सव्वादोन तास धरावेत.

माची ते माथा

माचीवर वातावरण एकदम पालटते. दुकाने, भजनांचे ध्वनिक्षेपक, नारळ, चुनरी आणि बसमधून उतरणारी गर्दी यांमध्ये आपला तासाभराचा निवांतपणा संपतो. येथे अर्धा तास थांबून खाऊन घ्यावे. स्वच्छतागृहाची सोय येथे आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. ज्यांचे पाय येथेच भरून आले असतील त्यांनी संकोच न करता उडनखटोल्याने पुढे जावे. १९८६ पासून चालू असलेली ही सोय याच कामासाठी आहे, आणि माचीपर्यंत पायी आलेल्या माणसाने गड पाहिला असेच म्हणावे लागेल.

पायी जाणाऱ्यांसाठी पुढची वाट बांधीव पायऱ्यांची आहे. सुमारे दोन हजारांच्या आसपास असलेल्या या पायऱ्या चढताना चुकण्याचा प्रश्न नाही, एकसुरीपणाचा मात्र आहे. नागमोडी चढल्यास पोटऱ्यांवरचा ताण कमी होतो. गर्दीत ते शक्य नसते, म्हणूनही लवकर निघण्याला महत्त्व आहे. वाटेत मकाई कोठार आणि तारापूर दरवाजाच्या खुणा लागतात. दूधिया तलावाजवळ जैन मंदिरे आहेत, आणि छाशिया तलावाजवळ दहाव्या-अकराव्या शतकातील लकुलीश मंदिर आहे, जे गडावर उरलेले सर्वांत जुने मंदिर मानले जाते. नवलखा कोठार पाहण्यासाठी मुख्य पायऱ्या सोडून बाजूला जावे लागते. तेथून दरी थेट पायाखाली येते आणि शांतताही मिळते. जेवणाची जागा म्हणून मी कोणालाही तीच सुचवेन, उष्टे-खरकटे पिशवीत परत आणण्याच्या अटीवर.

शेवटच्या सुळक्यावर कालिकामातेचे मंदिर आहे. त्याचे नूतनीकरण होऊन २०२२ मध्ये शिखरावर ध्वज चढला. स्वच्छ हवेच्या दिवशी येथून हालोलचे कारखाने, चांपानेरची तटबंदी आणि वडा तलावाचे पाणी एका नजरेत येते. वारा जोराचा असतो; घामाने भिजलेले अंग गार पडण्यापूर्वी स्वेटर पुन्हा घालावा. साडेअकरा वाजेपर्यंत, फार तर बारापर्यंत, माथा सोडावा.

उतरताना

बहुतेक पाय येथे मुरगळतात. चढताना माणूस सावध असतो. उतरताना वाट ओळखीची झालेली असते, पोट भरलेले असते आणि लक्ष फोनमध्ये असते. बुटांच्या नाड्या घोट्याजवळ घट्ट बांधाव्यात, म्हणजे बोटे टोकावर आपटत नाहीत. गुडघे किंचित वाकलेले ठेवून छोटी पावले टाकावीत, पायऱ्यांवरून उड्या मारत उतरणाऱ्या मुलांना वेळीच थांबवावे. गुडघे कुरकुरू लागले तर काठीचा आधार घ्यावा किंवा माचीहून बसने उतरावे.

पाय मुरगळल्यास बूट घाईने काढू नये, आधी बसवावे, सूज वाढण्यापूर्वी क्रेप बँडेज बांधावे आणि भार न देता जवळच्या मोटाररस्त्यापर्यंत किंवा माचीपर्यंत आणावे. कुणाला चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली तर सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, मान-काखांवर ओला रुमाल ठेवावा आणि मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे द्यावे. बोलणे असंबद्ध झाले किंवा घाम थांबून अंग भाजू लागले तर तो उष्माघात समजून तोंडाने काहीही न देता अंगावर पाणी ओतत राहावे आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुपार चांपानेरमध्ये

दोन-अडीचपर्यंत तळेटीवर पोचल्यास दिवस अजून शिल्लक असतो. चांपानेरच्या जामी मशिदीत जाऊन गार फरशीवर पाय मोकळे करावेत. सुमारे तीस मीटर उंचीचे मिनार आणि १७२ खांबांचे सभागृह असलेली ही वास्तू पाहताना वरच्या गडाची आणि खालच्या शहराची सांगड आपोआप लागते. केवडा मशीद आणि नगिना मशीद आडबाजूला आहेत. पायात जोर असेल तरच तिकडे वळावे. बडोद्याकडे परतताना रस्त्यालगत असलेली सोळाव्या शतकातील गोल, चक्राकार जिन्याची विहीर मात्र चुकवू नये, थांबायला दहा मिनिटे पुरतात. एस.टी. ने परतणाऱ्यांनी शेवटच्या गाडीवर विसंबू नये. पाचच्या आत हालोल गाठले की पुढे अडचण येत नाही.

त्या रात्री गरम पाण्याने अंघोळ करावी, पाय भिंतीला टेकवून दहा मिनिटे पडावे आणि दुसऱ्या दिवशी दुखत असले तरी थोडे चालावे. पूर्ण पडून राहिल्यास अकडण अधिक टिकते.

यानंतर

हा दिवस नीट पार पडलेल्या मंडळींसाठी याच परिसरात पुढच्या पायऱ्या आहेत. पावसाळ्यात खूणिया महादेवच्या धबधब्याकडे जाणारी वाट ओढ्याच्या पात्रातील मोठ्या दगडांवरून जाते. वर पाऊस झाला तर पाणी काही मिनिटांत चढते, म्हणून स्थानिक वाटाड्याशिवाय आणि पावसाच्या जोरात तेथे जाऊ नये. सुमारे १३० चौरस किलोमीटरचे जांबुघोडा अभयारण्य बडोद्याहून सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे बिबट्या आणि अस्वलाचा वावर असल्यामुळे वनखात्याच्या परवानगीने, गटाने आणि दिवसाउजेडीच चालावे. ज्यांना लांब पल्ल्याची हौस आहे त्यांनी हिवाळ्यात निघणाऱ्या पावागड परिक्रमेचा विचार करावा. डोंगराभोवती ४४ किलोमीटर, दोन दिवसांत आणि बहुतेक सपाट वाटेने. तिच्यासाठी जिन्याचा सराव पुरणार नाही, आठवड्यातून एकदा सलग पंधरा-वीस किलोमीटर चालण्याची सवय करावी लागेल, आणि ती सवय लावायला आजवा तलावाच्या बाजूचा रस्ता पहाटेच्या वेळी चांगला आहे.